खालच्या फळीवरचा पिंजरा

साताऱ्याच्या एका कॉलेजात औषधं तपासण्यासाठी पांढरे उंदीर पाळतात. त्यांचे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि रोज सकाळी प्रत्येकाकडे नीट बघणं हे माझं काम. अंगाची लव फुगली आहे का, डोळा चिकटला आहे का, कुणी कोपऱ्यात पाठ वर काढून बसलंय का. त्या खोलीत बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडलं.

सगळ्यात खालच्या फळीवर राखणदारांचा पिंजरा असतो. त्यांच्यावर औषधाचा प्रयोग होत नाही. भुसा बदलताना मी प्रत्येक पिंजऱ्यातला थोडा मळका भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकते. खोलीत कुठं रोग लपला असेल तर तो त्यांना लागावा आणि आपल्याला कळावा, यासाठीच ते ठेवलेले. अधूनमधून त्यांच्यातल्या एकाची तपासणी पुण्याला होते. उंदीर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आत रोग बाळगून असतो, असं आमच्या मॅडम सांगतात.

यंदा आमच्या घरामागचा ऊस तोडला. फडातून हुसकलेले उंदीर आणखी कुठं जाणार? सकाळी भाकरीसाठी पिठाचा डबा ओढला तर मागून एक उंदीर माझ्या हातावरून उडी मारून गेला. चावला नाही, ओरखडलाही नाही, पण त्याचे गार पाय मनगटाला कळले. डब्यामागे लेंड्या होत्या. सुकलेल्या. म्हणजे तो आजच आलेला नव्हता, आणि मी तर कालपर्यंत कामावर जात होते.

बाहेरच्या उंदराशी संबंध आला तर त्या खोलीत पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे. फोनवर बोलायला मला जमत नाही. घरामागच्या परड्यात चकरा मारल्या आणि शेवटी मॅडमना फोन लावला.

“बरं केलंत सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “आठवडाभर येऊ नका. आणि ऐका, राखणदारांतला एक आज अंग आखडून बसलाय. खात नाही. सांगलीहून जनावरांचे डॉक्टर येतायत, मग तो पुण्याला तपासणीला जाईल. रिपोर्ट वाईट आला तर अख्खी खोली रिकामी करावी लागेल.”

खोली रिकामी करणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. एकही उंदीर जिवंत ठेवत नाहीत. पिल्लांना पाजणाऱ्या माद्यासुद्धा नाहीत.

“मॅडम, माझ्यामुळं...” मी म्हणाले.

“अंघोळ करून, कपडे बदलूनच येत होतात ना आत? मग रिपोर्ट येईपर्यंत कुणाचं नाव घेऊ नका. तुमचंही.”

मग मी घर धुवायला काढलं. डबे उन्हात, गोधड्या उन्हात, मोरी दोनदा घासली. हात थांबले की डोळ्यांसमोर ती खोली यायची.

सासूबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. “लोकाचं उंदीर संबाळती पगार घिऊन,” त्या म्हणाल्या, “आन् घरातल्या एका उंदरानं हिला घरी बसवली!”

शेजारची काकू खो खो हसली. “आवं आत्या, त्येला बी पांढरा रंग द्या. मग बगा कशी पुरणपोळी घालती त्येला!”

मला हसू आलं नाही. मी तशीच आत गेले.

आमच्या मालकांनी सापळा लावला. दुसऱ्या दिवशी त्यात एक सापडला, मातकट रंगाचा, जाड. मी हात न लावता सापळ्यासमोर बसले. लव सपाट होती. डोळे स्वच्छ. श्वासाला आवाज नव्हता. शेपूट, कान सगळं बघितलं.

“पाव्हणा आलाय व्हय?” सासूबाई मागून म्हणाल्या. “च्या टाक की त्येला.”

“बरा दिसतुया आत्या, त्येला काय झाल्यालं दिसत न्हाई.”

“तुला कसं गं कळतंय?”

कळत नव्हतंच. बाहेरून बघून कळलं असतं तर राखणदार कशाला ठेवले असते? मालक सापळा उचलून ओढ्याकडे गेले. मी पुन्हा डब्यामागचा कोपरा पुसायला घेतला.

रिपोर्ट आला त्या दुपारी मी शेंगा फोडत होते. मॅडमचं नाव फोनवर दिसलं आणि तो उचलायला मला दोन रिंग जास्त लागल्या.

“रिपोर्ट स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “त्याचे पुढचे दात वाकडे वाढले होते. तोंडच मिटत नव्हतं, खाणार काय? सोमवारी या कामावर.”

“आणि तो?”

“तो नाही राहिला. मारल्याशिवाय पूर्ण तपासणी होत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ शेंगा फोडायच्या राहिल्या. मी रोज त्याची लव बघत होते, डोळे बघत होते. तोंड बघितलं नव्हतं.

सोमवारी अंघोळ केली, ॲप्रन, टोपी, मास्क, हातमोजे घातले आणि आत गेले. पिल्लं मोठी झाली होती. प्रत्येक पिंजऱ्यातला मळका भुसा थोडा थोडा गोळा केला आणि खालच्या फळीपाशी गुडघ्यावर बसले. राखणदार आता दोनच उरले होते. आधी एकेकाला उचलून दात बघितले. मग भुसा टाकायला हात पुढं केला आणि तो तसाच अडला. ते दोघं मात्र मिशा हलवत पुढं आले, मागच्या पायांवर उभे राहिले. मी भुसा टाकला. त्यांनी लगेच त्यात नाक खुपसलं.

संध्याकाळी रहिमतपूरच्या एसटीतून उतरून घराकडे चालले होते. वाटेत शेजाऱ्यांचा फड लागतो. त्यांच्या उसाला अजून तोड आलेली नाही. वारा नव्हता तरी आतलं पाचट कुठंकुठं वाजत होतं. मी भरभर घरी गेले आणि पदर खोचून आधी पिठाचा डबा पुढं ओढला.