नलूताई ऑनलाइन आहेत

किस्से साठवायला वाचनालयाइतकी वाईट जागा दुसरी नाही. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, त्यामुळे मोठ्यानं हसायची सोय नाही! दिवसभर दाबून धरलेलं हसू मग संध्याकाळी कुलूप लावल्यावर समोरच्या टपरीवर चहाबरोबर सुटायचं. असं कितीतरी साचलंय. आता आम्ही जुने सहकारी भेटलो की त्यातलं निम्मं निघतं ते नलूताईंचंच.

नलूताई म्हणजे रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या सहायक ग्रंथपाल. मी देवघेवीच्या काउंटरवर. दोन हजार सालच्या आसपास एका सभासदानं वाचनालयाला कॉम्प्युटर भेट दिला आणि वर इंटरनेटही जोडून दिलं. आमच्या कार्यवाहांनी, म्हणजे भाऊंनी, सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, “शिकणार कोण?”

कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी चपलांकडे. नलूताई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या. त्या पुस्तकाला कव्हर घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी शिकते. आपण नवीन पुस्तकाला कधी घाबरलोय का? मग ह्याला कशाला घाबरायचं?”

कॉलेजच्या पोरांबरोबर क्लासला बसून त्या शिकून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयाचं ईमेल उघडलं. भाऊ खूश! म्हणाले, “वा! पासवर्ड काय ठेवलात?”

“तो कुणाला सांगायचा नसतो.”

“अहो, मी कार्यवाह आहे!”

“म्हणून तर!” नलूताई म्हणाल्या. “तुम्ही तो मीटिंगमध्ये वाचून दाखवाल.”

भाऊंनी मान डोलावली. मग स्वतःच म्हणाले, “खरं आहे.”

*

तेव्हाचं इंटरनेट टेलिफोनच्या लायनीवर चालायचं. नलूताई कॉम्प्युटरला बसल्या की वाचनालयाचा फोन बंद. भाऊंकडे तक्रारी सुरू झाल्या. फोन लागत नाही, हवं ते पुस्तक आलंय का, विचारायचं कसं?

शेवटी लोक चालत यायला लागले. विचारायला आले की जरा टेकायचे, चार पुस्तकं चाळायचे, एखादं घेऊन जायचे. संध्याकाळी वाचनालयात खुर्ची मिळेना!

मीटिंगमध्ये भाऊंनी विषय काढला, “ह्या इंटरनेटनं आपला फोन बंद पडतो, त्याचं काय करायचं?”

नलूताई म्हणाल्या, “काही करू नका. फोन चालू झाला तर लोक यायचे बंद होतील.”

*

मिरकरवाड्यातून जैतूनबी यायच्या. त्यांचा धाकटा मुलगा मस्कतला नोकरीला. फोन महाग, म्हणून नलूताईंनी त्याच्याशी ईमेल सुरू करून दिलं. जैतूनबी शेजारी बसून सांगायच्या आणि नलूताई इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायच्या. मध्येच जैतूनबी थांबल्या, की नलूताईंची बोटंही थांबायची. ‘पुढे?’ असं त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा बरेच दिवस मुलाचं उत्तर नाही. तो तापानं आजारी असल्याचं गावातल्या कुणीतरी सांगितलेलं. जैतूनबी रोज येऊन बसायच्या. आणि एका सकाळी ईमेल आलं, सोबत फोटो!

त्या लायनीवर फोटो वरून खाली हळूहळू उघडायचा. आधी भिंत दिसली. मग केस. आम्ही सगळे हातातलं काम टाकून मागे उभे. कपाळ आलं, भुवया आल्या, डोळे आले, आणि लाइन तुटली!

नलूताई घाईघाईनं पुन्हा जोडायला लागल्या. जैतूनबींनी त्यांचा हात धरला.

“ऱ्हाऊ द्या ताई. डोळं दिसलं. बरा हाय तो.”

*

एकदा पावसकडचे एक आंबा बागायतदार आले. मोहोर काळा पडत होता, माणूस हवालदिल झालेला. “तुमच्या मशीनला विचारा,” म्हणाले. नलूताईंनी इंग्रजी शब्द शोधून शोधून टाकले. पडद्यावर माहिती आली, आणि वर किती ठिकाणी ती सापडली त्याचा आकडा. लाखांत!

बागायतदारांनी बोट लावून आकडे मोजले. “एवढं सगळं झालंय माझ्या कलमांना?”

“नाही हो,” नलूताई म्हणाल्या. “एवढ्या जणांना तुमच्यासारखंच विचारायचंय. तुम्ही एकटे नाही.”

उपाय नंतर वाचला. आल्यापासून नको म्हणत असलेला चहा मात्र ते तेवढ्यावरच प्यायले!

*

पुढे कॉम्प्युटरवर थेट मराठीत लिहायची सोय झाली. नलूताईंचा आनंद काय सांगू! पहिलं वाक्य काय टाईप करणार म्हणून आम्ही जमलो. वाटलं, देवाचं नाव लिहितील. त्यांनी लिहिलं, “कृपया पुस्तक परत करावे.”

आमचे एक सभासद पुण्याला राहायला जाताना प्रवासवर्णनांचा एक खंड घेऊन गेले होते. पोस्टकार्डं पाठवून आम्ही थकलो होतो. नलूताईंनी त्यांचा ईमेल पत्ता मिळवला आणि दोन पानं भरून शुद्ध मराठीत विनंती केली. इतकी सुरेख, की मला वाटलं आपणच एखादं पुस्तक परत करावं.

चारच दिवसांत इंग्रजी अक्षरांत उत्तर आलं. “तुमचं पत्र मिळालं. माझ्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन दिसतात, एक अक्षर वाचता येत नाही. पण रत्नागिरीहून आलंय म्हणजे काय असेल ते समजलं. पुस्तक कुरियरने पाठवत आहे.”

*

आणि आता आप्पा.

आप्पा बंदर खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. काचबिंदूनं नजर गेली, पाठोपाठ बायको गेली, आणि मुलानं त्यांना ऑस्ट्रेलियाला नेलं. काही महिन्यांनी मुलाचं ईमेल आलं. आप्पा बोलत नाहीत. खिडकीशी बसून असतात. जेवणाचं पान अर्धं टाकून उठतात. काय करावं सुचत नाही.

नलूताईंनी ते दोनदा वाचलं. मग उठल्या आणि कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढून आणली. “हे त्यांचं अर्ध्यावर राहिलंय. परत करताना मला म्हणाले होते, पुढचं आता दिसत नाही गो.”

एव्हाना ब्रॉडबँड आलं होतं. इंटरनेटवरून बोलता येतं हे नलूताईंनी कुठेतरी वाचलेलं. चार दिवस खटपट करून त्या ते शिकल्या. माइकचा हेडफोन मागवला, पण तो अंबाड्यात अडकायचा. मग अंबाडा सोडून त्यांनी वेणी घातली!

लोडशेडिंगची वेळ टाळून सकाळी वाचनालय उघडायच्या आधी बसायचं ठरलं. तिकडे दुपार, जेवणाची वेळ. पहिल्या दिवशी तिकडून काहीच आवाज नाही. नलूताईंनी सरळ वाचायला सुरुवात केली. एक पान झालं, दुसरं झालं. आणि मला ऐकू यावं म्हणून वेगळ्या लावलेल्या स्पीकरमधून खरखरीत आवाज आला, “काय गो, बातम्या देत्येस काय? जरा सावकाश वाच की!”

लगेच मुलाचा आवाज आला. तो रडत होता. “नलूताई, थांबू नका. वाचत राहा.”

त्या वाचत राहिल्या. एकच अट घातली, “आप्पा, ताट समोर असेल तरच पुढचं पान.” मध्ये एकदा भाऊ लवकर आले. ऑफिसच्या वेळेआधी इंटरनेट कशाला चालू, हे विचारायला. दारातच उभे राहिले, मग स्टूल ओढून बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लवकर आले आणि हळूच मला विचारलं, “त्या वकिलानं शेवटी घर विकलं काय रे?”

असे कितीतरी दिवस गेले. आप्पा जेवायला लागले, तिकडे नातवाला रागवायलाही लागले.

मग एक सकाळ आली. मी शेजारीच बसलो होतो. वाचता वाचता नलूताईंनी पान उलटलं, आणि त्या थांबल्या. पुढे एकच पान उरलं होतं.

“नलू?” आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. “संपत आलं काय गो?”

नलूताईंनी त्या पानावर हात ठेवला.

“आप्पा, काय सांगू तुम्हाला! शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय. दुसरी प्रत मागवावी लागेल. तोवर दुसरं एखादं पुस्तक सुरू करू या का?”

तिकडून ताट जवळ ओढल्याचा आवाज आला. मग आप्पा खाकरले.

“फाडलं असेल, फाडलं असेल. लोक काय, कसेही असतात. पण नलू, प्रत मागवायची घाई करू नको हो!”