पाचवी सही

भूगोल विभागात त्यांना सगळे ‘कंटूर सर’ म्हणत. नकाशावर उंची दाखवणारी कंटूर रेषा डोंगराला गोल गोल वळसे घालते, पण माथ्याला काही शिवत नाही. सरांचं बोलणंही ‘नाही’ या शब्दाला असेच वळसे घालून परत यायचं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. घरी तरी ऐकला असेल म्हणावं, तर बायको कानावर हात ठेवायची.

एम.ए.ला यायचं तर आधी एका प्राध्यापकाची मार्गदर्शक म्हणून सही आणायची, आणि एका प्राध्यापकाने पाचच विद्यार्थी घ्यायचे, असा नियम. त्यामुळे प्रवेशाच्या आठवड्यात मुलं येऊन विचारत, ‘‘सर, गाइड म्हणून तुमच्याकडून काय मिळेल?’’

सर खरं ते सांगत. ‘‘प्रकरण दिलंत की पंधरा दिवसांत वाचून देईन. एकदा तुमच्याबरोबर उन्हात हिंडेन. चुकलात तर सांगेन, पण हळू. प्रबंध तुम्हीच लिहायचा. आणि नोकरीचं विचारू नका, माझीच कशी लागली ते मला अजून कोडं आहे.’’

एवढं ऐकूनही मुलं सही मागत आणि सर देऊन टाकत. विषय ते विचारतच नसत, कारण तो सहा महिन्यांत तीनदा बदलतो हा त्यांचा अनुभव. बुधवारी पाचवी सही त्यांनी अशाच एका मुलाला दिली. भूगोलच का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सरांच्या दाराशी गर्दी कमी होती, एवढंच त्याने पाहिलं होतं.

गुरुवारी चाळिशीच्या एक शाळाशिक्षिका आल्या. त्यांनी पिशवीतून अकरा वह्या काढल्या. अकरा वर्षं, दर रविवारी, गावातल्या चौदा विहिरींत गाठी मारलेली दोरी सोडून त्यांनी पाण्याची पातळी टिपून ठेवली होती.

सरांना पहिली वही मिटवेना. जमिनीखालचं पाणी हा त्यांचा स्वतःचा विषय. शंभरावर मुलं हाताखालून गेली, पण विहिरीत डोकावलेलं एकही नव्हतं.

‘‘ही तिसरी विहीर मध्येच दोन वर्षं गप्प का?’’

‘‘मालकाने झाकण घातलं होतं. मग मी त्याच्या सुनेशी ओळख काढली.’’

‘‘बसा, आलोच,’’ म्हणत सर ऑफिसात धावले.

‘‘एक जागा वाढवता येईल?’’

‘‘कॉम्प्युटर सहावं नाव घेतच नाही, सर,’’ क्लार्कबाई म्हणाल्या. ‘‘एकाला काढा. पण त्याची संमती लेखी आणा.’’

सरांनी तिथूनच पाचव्या मुलाला फोन लावला. उचलला त्याच्या आईने.

‘‘सर, तुमचे उपकार कसे फेडू? दोन वर्षं नुसता लोळत होता हो. आज स्वतःहून आंघोळ केली.’’

‘‘हो का,’’ सर म्हणाले.

‘‘चुकला तर खुशाल एक ठेवून द्या.’’

‘‘नाही, नाही,’’ सर म्हणाले. सव्वीस वर्षांनी तो शब्द बाहेर पडला, आणि तोही भलत्याच ठिकाणी.

ते परतले तेव्हा शिक्षिका तशाच ताठ बसल्या होत्या. पाच जागा भरल्याचं आणि पाचव्या मुलाला फोन केल्याचं सरांनी सांगितलं.

‘‘काय म्हणाला?’’

‘‘त्याची आई बोलली.’’

‘‘मग संपलंच,’’ त्या म्हणाल्या. आयांशी त्यांची रोजची गाठ होती.

‘‘पुढच्या वर्षी आलात तर?’’

‘‘शाळेने रजा याच वर्षापासून दिली आहे, सर.’’

शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांकडे एक जागा उरली होती. सरांनीच वह्या पिशवीत भरून दिल्या, क्रम लावून. मग ते खुर्चीत येऊन बसले. दोन खोल्यांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येई.

‘‘दोरीने मोजलेलं आता कोण मानतं, बाई? या वह्या घरी ठेवा. मी उपग्रहाची चित्रं देतो, त्यावर काम करा. चालेल ना?’’

सर उठले, दारापर्यंत गेले. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याबद्दल तोंड उघडायचं नाही, हा विभागातला जुना संकेत. पण अजून सही कुठे झाली होती? आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की वह्या टाकू नका.

ते दाराच्या कडीवर हात ठेवून, वाक्याची सुरुवात कुठून करावी याचा विचार करत उभे राहिले.

‘‘बरं सर,’’ पलीकडे शिक्षिका म्हणाल्या. ‘‘इथे सही करा.’’