कोऱ्या पाण्यानं पाडलेला उजेड

एक विचारतो तुम्हाला. एक माणूस म्हणतो, माझा माल शुद्ध आहे. दुसरा म्हणतो, थांबा, मी तपासून सांगतो. आणि तिसरं कुणी तोंडातून शब्द न काढता नुसतं चमकतं, किंवा चमकत नाही. विश्वास कुणावर ठेवाल?

घाईनं उत्तर देऊ नका. त्यातला पहिला माणूस मी आहे.

ठाकूरद्वारला माझं दुकान. लॅबला लागणारं सामान विकतो. नळ्या, चंबू, बाटल्या, पिपेटची टोकं. शाळेत असताना रसायनशास्त्रानं मला आणि मी रसायनशास्त्राला वेळेवर सोडलं. पुढचं सगळं खोक्यांवरची लेबलं वाचून शिकलो. परळला एक लॅब आहे, तिथे माल पोचवायला मी स्वतः जातो, कारण तिथला चहा चांगला आणि तिथल्या गोष्टी चहाहून चांगल्या. ह्या गोष्टींचं रिकाम्या खोक्यांसारखं होतं बघा. लागेल कधीतरी म्हणून माळ्यावर टाकत जातो आणि एक दिवस माळाच खाली यायला निघतो. तेव्हा आज चार खोकी खाली काढतोच.

* * *

लॅबच्या प्रमुख विजयकर मॅडम. पिढ्यान् पिढ्या मुंबईतलं घर, राहायला शिवाजी पार्कात, बोलणं असं की शब्दाला भाडं पडतंय. त्यांच्या हाताखाली पूनम, कोळीवाड्यातली, पीएचडी करते. आणि सावंत, लॅबचा जुना माणूस. आलेला माल उतरवून घेणं, मांडणं, धुणं-पुसणं त्याच्याकडे. तो भोईवाड्याला राहतो, घराच्या खिडकीतून कोर्ट दिसतं, त्यामुळे वकिली न शिकता येते.

मी पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, तुम्ही इथे नक्की करता काय?"

त्या म्हणाल्या, "शरीरात हॉर्मोन निरोप घेऊन फिरतात. काही रसायनं त्यांची नक्कल करतात आणि खोटा निरोप पोचवतात. ती कोणती, ते शोधायचं. पण बाजारात रसायनं इतकी की प्रत्येकाची पूर्ण तपासणी करायची तर माझ्या नातवंडांना निवृत्त व्हावं लागेल. म्हणून आधी झटपट चाळणी."

चाळणी म्हणजे पोस्टकार्डाएवढी प्लास्टिकची प्लेट. तिच्यात बारीक खळगे, खळग्यांत जिवंत पेशी. पेशी अशा तयार केलेल्या की हॉर्मोनसारखं काही भेटलं की उजेड देतात. एकेका खळग्यात एकेक रसायन सोडायचं. उजेड मशीन मोजतं आणि स्क्रीनवर दाखवतं.

"म्हणजे चमकलं की विष?"

पूनम हसली. "नाही हो नानाशेठ. माझी आई मासा घेताना काय करते? कल्ला उचलून बघते. पटला नाही तर बाजूला. शिजवून चव बघत बसली तर बाजार उठेल. आम्ही फक्त कल्ला बघतो. ज्याचा संशय येईल तो मोठ्या तपासणीला आधी."

सावंत टेबल पुसत होता. त्याला हे फार लांबलेलं वाटलं. "शेठ, चमकला म्हणजे दोषी नाय. तारीख लवकर लागली, इतकंच."

* * *

त्या प्लेटमध्ये एक रांग असते, तिच्यात काहीच रसायन नसतं. नुसतं कोरं पाणी. ती रांग काळोखी राहिलीच पाहिजे. तीच चमकली तर बाकीच्यांचा उजेड खरा की खोटा, कळणार कसं? सगळी प्लेट कचऱ्यात.

आणि ते कोरं पाणी ठेवतात माझ्या नळ्यांत!

प्लास्टिकच्या नळीतूनही नको ते पाण्यात उतरू शकतं, म्हणून सुरुवातीला मॅडम माझा प्रत्येक नवा माल तपासून घ्यायच्या. कधी चमकला नाही. मग एक दिवस म्हणाल्या, "नानाशेठ, तुमच्या नळ्या आता तपासत नाही. तुमच्यावर सोडलं." त्या दिवशी मी ठाकूरद्वारपर्यंत टॅक्सीनं आलो. धंद्यात माणसाला बोनस मिळतो, सवलत मिळते, पण न तपासता माल घेणारं गिऱ्हाईक मिळत नाही.

* * *

एकदा एका कंपनीचा साहेब आला. टाय, परफ्यूम, सगळं. परफ्यूम लॅबच्या दाराबाहेरच ठेवा म्हणून सावंतानं सांगितलं, पण ते अंगावर होतं, त्यामुळे साहेबही बाहेरच राहिला. काचेच्या दारापलीकडून लॅपटॉप दाखवायचा आणि फोनवर बोलायचा.

त्याच्या कंपनीचं रसायन प्लेटवर होतं. स्क्रीनवर त्याचा खळगा काळाकुट्ट.

"बघा मॅडम," साहेब खूश, "काळोख. मी म्हटलंच होतं. बाळाला चालेल इतकं सौम्य आहे."

मॅडमनी दुसरा आकडा बघितला. पेशी जिवंत आहेत का, हे सांगणारा. मग फोन कानाला लावला.

"पेशी मेल्यात."

साहेब म्हणाला, "पण चमकल्या नाहीत ना?"

मॅडम म्हणाल्या, "मेलेला माणूस तक्रार करत नाही. म्हणून त्याला बरं वाटतंय, असं आम्ही लिहीत नाही."

* * *

लॅबमध्ये काम करणाऱ्याच्या घरचे किती भोगतात, ते सावंताच्या बायकोला विचारा. ह्यानं घरी जाऊन प्रत्येक वस्तूला तारीख लावायला सुरुवात केली. डबा संशयित. शाम्पू संशयित. सासूबाईंनी कणकवलीहून पाठवलेली प्लास्टिकची बरणी, तिचं तर कोकम न चाखताच निकालपत्र.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "डबा कधी चमकेल तेव्हा चमकेल. आधी ती भांडी चमकवून ठेव."

सावंतानं हे स्वतः येऊन सांगितलं. म्हणाला, "काय करतलंय? वरचं कोर्ट आहे ते."

* * *

ह्याच्या उलट शिवाजी पार्क. तिथे सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींना कळलं की मॅडम असलं काही तपासतात. निवृत्त माणसाला एवढं पुरतं. कट्ट्यावर मॅडमना गाठून विचारलं, "आम्ही घरातलं काय फेकू?"

मॅडम म्हणाल्या, "मी फक्त रांग लावते. फेका म्हणत नाही."

म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असा अर्थ मंडळींनी काढला. त्याच आठवड्यात त्यांच्या बिल्डिंगमधल्या सहा घरांतल्या प्लास्टिकच्या बरण्या भंगारात गेल्या आणि सगळे माझ्या दुकानात हजर. काच पाहिजे. मी लॅबच्या तपकिरी बाटल्या दाखवल्या. आज त्या बिल्डिंगमध्ये आंब्याचं लोणचं ॲसिडच्या बाटलीत असतं. नवीन बाटली हो, ॲसिड न भरलेली.

एका काकूंनी चंबूवरच्या मापाच्या रेषा निरखून बघितल्या. "ह्या पुसल्या जात नाहीत ना?"

"नाही काकू. पक्क्या आहेत."

"मग दोन द्या. एकात तूप ठेवते. सून किती खाते ते तरी कळेल."

* * *

सुनेवरून आठवलं. माझी सून दुकानाचं काम बघते आणि माझ्यापेक्षा चांगलं बघते. माझ्या हस्ताक्षरातल्या बिलांवरून गिऱ्हाइकांचे फोन यायचे, म्हणून तिनं बिलाचं छोटं मशीन आणलं. शाई नको, रिबन नको. कागदच असा गुळगुळीत की गरम लागलं की अक्षर उमटतं. मॉलमध्ये देतात, तसला.

मी हरखलो. लहान लॅबला मोठं खोकं परवडत नाही, म्हणून मी हातमोजे घालून नळ्या छोट्या पिशव्यांत भरून देतो. आता बिलाची छान गुंडाळी करून पिशवीत, नळ्यांच्या मधोमध खोचायला लागलो. हरवायला नको. सावंत पिशवी उघडायचा, बिल काढायचा, नळ्या मोजून मांडून ठेवायचा.

"शेठ," तो म्हणाला, "आता तुम्ही मॉलवाले झालात."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

* * *

आणि मग एका सकाळी सावंताचा फोन. "शेठ, मॅडमनी बोलावलंय. तुमची तारीख लागली."

मी पोचलो. स्क्रीनवर कोरी रांग चमकत होती. नुसतं पाणी, आणि उजेड. मॅडमचा चेहरा बघून मी बसलो नाही.

पूनम म्हणाली, "एका मोठ्या कामाची यादी लावायची आहे. कुठली रसायनं मोठ्या तपासणीला आधी जाणार, ते ह्या प्लेटांवर ठरणार होतं. सगळ्या प्लेटा बाद."

"मॅडम, माझा माल शुद्ध आहे."

"तुम्ही सांगता ते ऐकू, नानाशेठ," मॅडम म्हणाल्या, "की पेशी सांगतात ते?"

इतक्या वर्षांत मला ह्या बाईनं असा प्रश्न विचारला नव्हता. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "पेशींचं ऐका. पण माझ्या नळ्यांची परीक्षा घ्या. चमकल्या तर उद्यापासून मी ह्या दारात येणार नाही."

दुकानात आलो. त्याच खोक्यातल्या नळ्या काढल्या, तशाच हातमोज्यांनी, तशाच पिशवीत भरल्या, परीक्षेला पाठवल्या. रात्री जेवण गेलं नाही. सून म्हणाली, "बाबा, नळ्यांना परीक्षा आहे, तुम्हाला नाही." तिला काय सांगू.

निकाल आला. काळोख. एकही नळी चमकली नाही. मी पेढे घेऊन गेलो. सावंतानं दोन उचलले. मॅडमनी अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "माफ करा, नानाशेठ. नवीन माल पाठवा, कामाला लागू."

पाठवला. कोरी रांग पुन्हा चमकली.

ह्या वेळी मी बसलो. पूनमनं पाणी बदललं होतं, मॅडमनी पेशी बदलल्या होत्या, सावंतानं तर अंघोळीचा साबणसुद्धा बदलला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्याकडे बघायचं नाही असं दाखवत होते.

पूनम म्हणाली, "नानाशेठ, नीट आठवून सांगा. परीक्षेला पाठवलेल्या नळ्या आणि रोजच्या नळ्या, फरक काय?"

"काही नाही गं. खोकं तेच, हातमोजे तेच, पिशवी तीच."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. परीक्षेच्या नळ्यांचं बिल तेवढं केलं नव्हतं. नमुन्याचं बिल कोण करतं?"

मॅडमनी चिमटा मागितला. नव्या पिशवीच्या मधोमध हात न लावता चिमटा घातला आणि माझी गुंडाळी बाहेर काढली, विंचू उचलावा तशी.

दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. स्क्रीनवर माझं अख्खं पार्सल मांडलं होतं, एकेका खळग्यात एकेक. नळी, काळोख. पिशवी, काळोख. रबरबँड, काळोख. आणि त्यांच्या शेजारी एक खळगा असा लखलखत होता की त्याखाली लोणच्याची बाटली ठेवली असती तर लेबल वाचता आलं असतं. तो माझ्या बिलाचा. गरम लागून अक्षर उमटावं म्हणून त्या कागदावर जे रसायन असतं, तेच हॉर्मोनची नक्कल करतं, असं पूनम म्हणाली.

सावंत माझ्या कानाशी आला. "शेठ, यादीत पहिला नंबर लागला ठाकूरद्वारचा."

मॅडम पहिल्यांदाच हसताना दिसल्या. "नळ्या येऊ द्यात, नानाशेठ. न तपासता घेईन. पण तुमचा कागद ह्या दाराच्या आत येणार नाही."

तेव्हापासून माल आत जातो आणि मी परफ्यूमवाल्या साहेबाच्या जागी, काचेच्या दाराबाहेर, बिल काचेला चिकटवून उभा राहतो. आतून सावंत डोळे बारीक करून एकेक ओळ पेन्सिलीनं उतरवून घेतो. परवा तो भराभर लिहायला लागला, आणि काचेतून त्याचा कागद काही मला दिसेना. शेवटी मी फोन लावला.

"सावंता, सावकाश. काय मांडतोयस ते मला इथून दिसत नाही. हिशेब तेवढा खरा ठेव रे बाबा."