शाळा सोडणे आणि शाळा बंद करणे

‘गारपिटीच्या त्या भीषण दुपारी रस्त्यावर बर्फाचा थर साचला असता तत्कालीन मुख्याध्यापक गोंधळून गेले व त्यांना निर्णय घेता येईना. अशा बिकट प्रसंगी संस्थेच्या अध्यक्षांनी धुळ्याहून दूरध्वनी करून शाळा सोडण्याचा आदेश दिला. तत्काळ घंटा झाली आणि सर्व बालके वेळेत सुखरूप घरी पोहोचली.’

हा उतारा आमच्या शाळेच्या स्मरणिकेत छापून आला आहे. खाली अध्यक्षांचे छायाचित्र आहे. त्यात ते दूरध्वनी कानाला लावून दूरवर पाहत आहेत. तत्कालीन मुख्याध्यापक म्हणजे मी. माझे छायाचित्र नाही, कारण गोंधळलेल्या माणसाचे छायाचित्र कोण छापणार? छापील कागदाचे मला फारसे भय नाही. आमच्याकडे स्मरणिकेत दुसऱ्याच आठवड्यात भजी बांधली जातात. परंतु हाच मजकूर आता संगमरवरावर कोरून शाळेच्या दर्शनी भिंतीवर बसवायचे ठरले आहे, आणि संगमरवरात भजी बांधता येत नाहीत. छिन्नी लागण्यापूर्वी माझे म्हणणे नोंदवून ठेवणे भाग आहे.

त्या वेळचे आमचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा नाना म्हणे, परवा घरी आले होते. चहा पिता पिता म्हणाले, “आबा, सोडी द्या ना आते. आपलं वय शे का भांडानं?” मी म्हणालो, “नाना, सगळा तंटाच ‘सोडा’ या शब्दाचा आहे, आणि तुम्ही मला तोच सांगता?” नाना हसले. त्यांना सगळे ठाऊक आहे; परंतु त्यांचा नातू त्याच संस्थेत नोकरीला असल्यामुळे अलीकडे त्यांची स्मरणशक्ती अधू झाली आहे.

आमची शाळा पारोळ्याहून एरंडोलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी कडेला. फाटकाबाहेर एक कडुलिंब. त्याखाली मुले काळीपिवळी जीपची वाट पाहत उभी राहत. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. तीनच्या सुमारास आभाळ काळवंडले आणि पत्र्यावर कोणी मुरूम ओतावा तसा आवाज सुरू झाला. आमच्या भागात गारा नव्या नाहीत. पडतात, मुले वेचून तोंडात टाकतात, पाच मिनिटांत पाणी होते. त्या दिवशी मात्र त्या लिंबोळीएवढ्या सुरू झाल्या आणि लिंबाएवढ्या होऊन थांबल्या. मधल्या काळात नानांनी आपल्या परीने उपाय केला. गारा थांबाव्यात म्हणून अंगणात लोखंड फेकण्याची जुनी रीत आहे. कोणी विळा फेकतो, कोणी तवा. नानांच्या हाताशी होता तो घंटेचा गज. आमची घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायला वीतभर लोखंडी गज. शाळेत तेवढा एकच. नानांनी तो देवाचे नाव घेऊन मैदानात भिरकावला. पाच-सात मिनिटांत गारा थांबल्या. नाना अजूनही त्याचे श्रेय गजाला देतात, आणि अध्यक्षांनी अद्याप तेवढ्या श्रेयावर हक्क सांगितलेला नाही, हे नमूद केले पाहिजे.

बाहेर पाहिले तर मैदान, रस्ता, पलीकडचा गहू, सगळे पांढरे. घोटा बुडेल एवढा थर. मी गज आणायला उतरलो. त्या मैदानावर मी चोवीस वर्षे चाललेलो; तिथला प्रत्येक खड्डा मला नावानिशी माहीत. चौथ्या पावलाला माझे दोन्ही पाय पुढे गेले आणि मी मागे बसलो. बसलो म्हणजे मुख्याध्यापक बसतात तसा नव्हे. सातवीचा सगळा वर्ग खिडकीत होता. असा मनापासून हशा त्या वर्गाने माझ्या कोणत्याही विनोदाला दिला नव्हता.

ज्याला स्मरणिका ‘गोंधळ’ म्हणते तो हाच प्रसंग असेल, तर तो मी कबूल करतो. पण त्या बसकणीतच निर्णय झाला होता. जो माणूस चोवीस वर्षांच्या अंगणात चार पावले टाकू शकत नाही, त्याने पोरांना रस्त्यावर कोणत्या तोंडाने पाठवावे? मी कसाबसा उठलो, गज उचलला, व्हरांड्यात आलो आणि फाटकाला कुलूप लावायला सांगितले.

मग सल्लागार जागे झाले. इंग्रजी शिकवणारे आमचे एक तरुण शिक्षक मोबाईल घेऊन धावत आले. त्यांनी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मतदान लावले होते: शाळा सोडावी का? होय, नाही, सरांना विचारून सांगतो. तिसऱ्या पर्यायाला सर्वाधिक मते पडली. हे गृहस्थ आता जळगावात पिंप्राळ्याला राहतात, आणि आपण दोरी धरून मुलांची साखळी कशी केली, ते तिथल्या शेजाऱ्यांना रंगवून सांगतात असे ऐकतो. ते त्या दुपारभर चित्रफीत काढत होते. दोरी शाळेत नव्हतीच. ती सव्वीस जानेवारीला झेंड्याबरोबर वर अडकली होती, ती अडकलेलीच होती.

मी रीतीप्रमाणे तालुक्याच्या कार्यालयाला दूरध्वनी केला. तिथल्या कारकुनाने शांतपणे विचारले, “कारण काय लिहू?”

“रस्त्यावर बर्फ आहे.”

“सर, बर्फ लिहिलं तर वरचे हसतील. हे पारोळं आहे, काश्मीर नाही. अतिवृष्टी लिहू?”

“पाऊस पडलेला नाही.”

“मग उष्णतेची लाट? त्याचा रकाना तयार आहे.”

“अहो, मी बर्फावर पडून आलोय.”

“मग वैयक्तिक रजा टाका ना, सर.”

मी दूरध्वनी ठेवला. तोच पुन्हा वाजला. तो अध्यक्षांचा होता. ते धुळ्याला एका लग्नात होते. मागे बँड वाजत होता. ते म्हणाले, “सर, गारा पडल्या म्हणे तिकडं. इथं तर कडक ऊन आहे. काय करताय? शाळा सोडा.”

मी विचारले, “भाऊ, सोडू म्हणजे काय करू?”

“सोडा म्हणजे बंद करा.”

“बंदच केली आहे. फाटकाला कुलूप आहे.”

“आणि पोरं?”

“आत आहेत.”

“अहो, मग बंद कुठं झाली? पोरं सोडा, म्हणजे बंद होईल!”

इथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण संगमरवराचा सगळा खर्च याच दोन शब्दांच्या घोटाळ्यावर होणार आहे. शाळा बंद ठेवणे हे सकाळचे काम. मूल घरीच असताना त्याला घरी राहा म्हणणे. मूल शाळेत येऊन बसल्यावर शाळा ‘सोडणे’ म्हणजे त्याला रस्त्यावर काढणे. आपल्या भाषेत दोन्हीला सुटीच म्हणतात, म्हणून अध्यक्षांसारख्या घाईच्या माणसाला फरक कळत नाही. गोठ्याला आग लागली तर गुरे सोडावीत. आग रस्त्यावर असेल तर दावे घट्ट करावे. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही पोरांना गुरं म्हणता?” आणि बँडच्या आवाजात बाकीचे विरून गेले. जाता जाता “लगेच घंटा द्या” एवढे मात्र ऐकू आले. मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही; तेवढे सौजन्य माझ्यात होते.

एव्हाना फाटकावर गावातली माणसे जमली होती. शेताच्या बांधांवरून, काठ्या टेकत. एक बाई सर्वांत पुढे, डोक्यावर गोणपाट घेतलेली; तिची मुलगी आत होती. “मास्तर, मनी पोर मझार शे! काबर कोंडी ठेवं? दार उघाडा!”

“अक्का, रस्ता पहा.”

“रस्ता पाहीनच उनू मी! बठ्ठा पांढरा व्हई गया, म्हणीनच तं लेवाले उनू!”

खरे सांगतो, अध्यक्षांपुढे मी डगमगलो नाही, पण तिच्यापुढे डगमगलो. आई स्वतः न्यायला आली आहे; तिला कोणत्या अधिकाराने अडवावे? लिंबाखालून दोन-तीन मुलांना हाताला धरून नेले तर काय बिघडले, असे मनात आले. किल्ली नानांकडे होती. मी नानांकडे पाहिले. नानांनी कमरेला हात घातला.

तेवढ्यात पारोळ्याच्या बाजूने केळीचा ट्रक आला. वेग फार नव्हता. चालकाने फाटकाजवळची माणसे पाहून ब्रेक दाबला असावा. ट्रकचे तोंड रस्त्यावर राहिले आणि मागचा भाग सावकाश, अगदी सावकाश, एखादे दार उघडावे तसा फिरत आला आणि लिंबावर जाऊन टेकला. लिंबाच्या बुंध्याभोवती मुलांनी बसायला मांडलेले दगड ट्रकखाली गेले. केळीचे घड गारांवर घसरत फाटकापर्यंत आले. कोणाला खरचटलेही नाही, कारण लिंबाखाली कोणी नव्हते.

मग ती बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “आते उघाडू नका, सर.”

त्या वेळी साडेतीन वाजून गेले होते. अध्यक्षांच्या सांगण्याप्रमाणे मुले त्या घटकेला कुठे उभी असती, हे मी लिहीत नाही. कोरणाऱ्याने वाटल्यास तेवढे कोरावे.

पुढचे थोडक्यात सांगतो. उरलेली खिचडी तापवली, मुलांना वर्गांतच वाढली. ती येईपर्यंत सव्वाशे मुलांनी ताटल्या बडवल्या. अध्यक्षांनी पुन्हा दूरध्वनी केला तो नेमका तेव्हा. ‘मी स्वतः माझ्या कानांनी घंटा ऐकली,’ असे ते आजही शपथेवर सांगतात, आणि मी त्यांना खोटे म्हणत नाही. त्यांनी ऐकले ते खरेच. फक्त ती घंटा नव्हती, ती भूक होती. तिच्यातला आणि घंटेतला फरक ओळखण्याची सवय त्यांना कधी करून घ्यावी लागली नाही.

सहाच्या सुमारास रस्त्यावरचा थर फुटला, कडेने पाणी वाहू लागले. एकेक वर्ग काढला, एकेक मूल पालकाच्या हातात दिले, नाव लिहिले आणि मगच फाटकाबाहेर जाऊ दिले. सातवीतल्या एकाने जाताना मला विचारले, “सर, उद्या पण पडणार का?” गारा की मी, ते त्याने स्पष्ट केले नाही.

‘सरांनी आम्हाला कोंडून ठेवले होते,’ असेही काही माजी विद्यार्थी म्हणतात. ते बरोबर आहे; ते हवे तर कोरा. मुख्याध्यापक गोंधळले, हेही कोरा. मैदानातले माझे आसन पाहणारे तीस साक्षीदार हयात आहेत. पण ‘तत्काळ घंटा झाली’ हे तीन शब्द कोरता येणार नाहीत. माझा शब्द प्रमाण मानू नका, नानांच्या अधू स्मरणशक्तीला त्रास देऊ नका, चित्रफितीची वाट पाहू नका. शाळेत गज एकच होता, आणि मैदानातून उचलल्यापासून शेवटचे मूल फाटकाबाहेर जाईपर्यंत तो माझ्या खिशात होता.