मावसाजींच्या परवान्यात बसणारी वाहने

माणसाची ओळख पटावी म्हणून जगाने नाव, गाव आणि शिक्षण यांची योजना केलेली असली, तरी माझ्या मावशीच्या यजमानांच्या मते या तिन्ही बाबी दुय्यम आहेत. खरा माणूस कळतो तो त्याच्या वाहनपरवान्यावरून. आमचे हे मावसाजी भातकुलीच्या शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे. म्हणजे मोटार, जीप, ट्रॅक्टर यांना ते मोकळे, पण मोपेड मात्र निषिद्ध. दुचाकीचा प्रकार परवान्यावर वेगळा नोंदवावा लागतो, हे ठाऊक असलेले लोक जिल्ह्यात पुष्कळ असतील. ते पाळणारे मला एकच माहीत आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला ते पहिल्या घासाआधी विचारतात, "गिअरची का बिनागिअरची?" माझ्या मावसबहिणीला पाहायला आलेल्या मुलाला इतरांनी पगार विचारला, यांनी परवाना मागितला. मुलगा मोटार चालवत आला होता आणि परवाना निघाला नुसत्या मोटारसायकलचा. "आले ते आले बापू, जातानी गाडी तुमचे बाबा चालवतीन. त्याइचं लायसन पाह्यलं मी," असे सांगून त्यांनी पोह्यांची दुसरी बशी पुढे केली. लग्न झाले, पण जावयाने चारचाकीची परीक्षा दिल्यानंतर. वरातीच्या घोड्याला परवाना लागत नाही, याबद्दल मावसाजींनी मांडवात जाहीर समाधान व्यक्त केले.

दुचाकीचा परवाना त्यांनी काढायचा प्रयत्नच केला नाही, असे नाही. तरुणपणी ते परीक्षेला गेले. आठचा आकडा काढताना त्यांचा पाय टेकला. निरीक्षकाने तो पाहिला नाही आणि तो सही करू लागला. तेव्हा यांनीच त्याला थांबवले: "साहेब, पाय टेकला माहा. नापास करा." मावशी आजही कपाळावर हात मारून घेते. "साहेब पास करून राह्यला होता, अन् हे मास्तर सोताचाच पेपर तपासत बसले!"

या नियमनिष्ठेची मला निखळ मौज वाटे, ती गेल्या वर्षीच्या एका सकाळपर्यंत. अमरावतीच्या एका माती-परीक्षण प्रयोगशाळेत संशोधन सहायकाच्या जागेसाठी अकरा वाजता माझी मुलाखत होती. त्या एका जागेसाठी मी दोन वर्षे तयारी केली होती आणि म्हणूनच अकोल्याहून आदल्या दिवशी मावशीकडे येऊन राहिले होते. दहा वाजता मावसाजींच्या मोटारीने हूं की चूं केले नाही. बॅटरी उतरली होती. एसटी नुकतीच गेलेली. शेजारचे गजाननभाऊ, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात मोटारसायकलची किल्ली घेऊन धावत आले.

"घ्या काका, अर्ध्या घंट्यात पोचता."

"माह्या लायसनवर नाही ते."

"अहो, चालवता येते ना तुमाले?"

"येते. पाय टेकते."

"मग मी नेते," मी म्हणाले.

"तुह्या लायसनवर बिनागिअरची हाय, बेटा. ह्या गाडीले गिअर हायेत."

"अहो, पोरीची नोकरी जाऊन राह्यली," मावशी दारातून कडाडली, "अन् तुमी कावून गिअर मोजून राह्यले?"

दोन परवाने, एक वाहन, आणि त्यांचा छेद रिक्त संच: माझ्या बुद्धीने मांडणी अचूक केली आणि डोळ्यांत पाणी आणले. मावसाजी मात्र गजाननभाऊंच्या अंगणातल्या पिकअपकडे पाहत होते. तिच्यात संत्र्यांचे रिकामे क्रेट रचलेले होते. "आरसी आन," ते म्हणाले. चष्मा वर करून त्यांनी वजन वाचले, आणि वर्गात उत्तर बरोबर आल्यावर होई तसा त्यांचा चेहरा उजळला. "साडेसात हजार किलोच्या कितीतरी आत! हे हलकं मोटार वाहन झालं. मालाची असली तरी माह्या लायसनवर चालते, कोर्टानंच सांगितलं हाय. बस लवकर!"

इस्त्रीची साडी, मांडीवर फाइल, मागे क्रेटांचा खडखडाट, अशी मी मुलाखतीला निघाले. मागून म्हशीखेरीज कोणी येत नसतानाही मावसाजी प्रत्येक वळणावर इंडिकेटर देत होते. शहराच्या तोंडाशी पोलीस मालाच्या गाड्या थांबवून कागद तपासत होते. अकराला वीस मिनिटे होती. आमची पिकअप थांबली, तसे मावसाजी ताठ बसले. चाळीस वर्षांत एकाही पोलिसाने त्यांचा परवाना मागितला नव्हता; हे शल्य मावशीने मला कधीतरी हसत सांगितले होते. पोलिसाने पांढरे केस पाहिले, रिकामे क्रेट पाहिले आणि हात हलवला. "निंघा बाबा."

मावसाजींचा हात खिशात गेलेला होता. कार्ड अर्धे बाहेर आले होते, आणि भरल्या गाडीचे वजन, कोर्ट, साडेसात हजार किलो हे सारे भाषण ओठांवर उभे होते. ते किमान दहा मिनिटे चालले असते. त्यांनी एकदा त्या पोलिसाकडे पाहिले, एकदा माझ्या घड्याळाकडे. मग कार्ड बोटाने हळूच खाली ढकलले. "येतो साहेब," म्हणाले आणि गिअर टाकला.

मी वेळेत पोचले. ती जागा मला मिळाली, पण ते कळले महिनाभराने. त्या दुपारी बाहेर आले तेव्हा मावसाजी कडुनिंबाच्या सावलीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. पेपर कसा गेला, हे विचारायला त्यांनी तोंड उघडले, तोच मी त्यांच्या खिडकीपाशी उभी राहिले आणि हात पुढे केला.

"लायसन दाखवा."

ते हसले. मग हसायचे थांबले. शर्टाचे वरचे बटण लावून त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी माझ्या हातात दिले. मी नाव वाचले, मुदत वाचली. फोटोत त्यांचे केस पूर्ण काळे होते आणि ते समोर असे पाहत होते, की आता कोणीतरी काही विचारणारच आहे.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "जाऊ शकता."

"घाई नोको करू," ते हळूच म्हणाले. "मांगची बाजू पाह्यची राह्यली."

मी कार्ड उलटले आणि मागची बाजूही वाचली, एकेक ओळ, अगदी सावकाश.