फॉर्मवरचं कुटुंब

सासूबाई सांगायच्या, मामंजींच्या सात बदल्या झाल्या आणि सातही वेळा त्या ट्रकमध्ये गाद्यांवर बसून गेल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचं ट्रकवर, असं म्हणून हसायच्या. बदलीच्या कागदावर ‘कुटुंबासह’ असं लिहिलेलं असे, आणि कुटुंब म्हणजे त्या स्वतः. त्यांना कोणी विचारलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. जुनी माणसं, तेव्हा तसंच असायचं, म्हणून सोडून दिलं.

आमची बदली निघाली तेव्हा आम्ही जपानमध्ये इचिकावात आठ वर्षं होतो. नवऱ्याला नागोयाच्या प्रोजेक्टवर जायचं होतं. तो म्हणाला, “कंपनीचा हुकूम आहे, सगळ्यांनाच जावं लागतं. पर्यायच ठेवला नाहीये.” मी मान्य केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या पाळणाघरात गेले. तिथे मी तीन वर्षं पार्ट टाइम करत होते. एप्रिलपासून कायम करणार होते मला. पोरं मला ‘सेन्सेई’ म्हणायची, म्हणजे बाई, शिक्षिका. पुण्यात बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या मला कोणी बाई म्हणेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मुख्य बाईंसमोर कमरेत वाकून सांगितलं, नाही जमणार. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, कंपनीने पर्याय ठेवला नाही. त्या म्हणाल्या, घरच्यांनाही? तेव्हाच शंका यायला हवी होती, पण नवऱ्यावर शंका घ्यायची आपल्याला सवय नसते.

मार्चच्या शेवटी सामानवाल्यांनी दोन तासांत घर रिकामं केलं. झाडं आणि उघडं खाणं ते नेत नाहीत. म्हणून बुलेट ट्रेनमध्ये माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले देव, पायाशी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि मुलीच्या हातात तुळस.

मुलगी अकरा वर्षांची, सगळी शाळा जपानीत. तिला चित्र काढायला कागद हवा होता. नवऱ्याने बॅगेच्या मागच्या खिशातून एक घडी केलेला कागद न बघताच काढून दिला. तिने तो उलटून वाचला. “बाबा, हा तुमच्या बदलीचा फॉर्म आहे. यात विचारलंय, एकटे जाणार की घरच्यांना घेऊन. तुम्ही ‘घेऊन’वर गोल केलाय.”

मला आधी नीट समजलंच नाही. मी म्हणाले, पुढे वाच.

“पत्नीचा व्यवसाय, मुशोकु.” मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, “म्हणजे काही काम न करणारी. पण आई तर सेन्सेई आहे ना?”

नवरा खिडकीकडे बघत म्हणाला, “अगं, पार्ट टाइमला काय नोकरी म्हणायचं? आणि एकटा राहिलो असतो तर माझं जेवणाखाण्याचं काय?”

म्हणजे जेवणासाठी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. भांडला असता, ये म्हणून हट्ट केला असता, तर कदाचित मी आलेही असते. पण मला पर्याय नाही असं सांगून पर्यायावर स्वतःच गोल करून मोकळा झाला. रडू नाही आलं, फार राग आला, आणि मांडीवर देव असल्यामुळे उठताही येईना.

नागोयाला उतरल्यावर फलाटावरूनच मुख्य बाईंना फोन केला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, कालच दुसऱ्या बाईंना घेतलं. माफीही त्यांनीच मागितली.

संध्याकाळी इथल्या रिवाजाप्रमाणे नवीन शेजाऱ्यांकडे टॉवेलचं पाकीट घेऊन गेलो. शेजारच्या आजी गोड होत्या. नवऱ्याच्या कंपनीबद्दल ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही काय करता? नवऱ्याने घाईघाईने तोंड उघडलं. बहुतेक सेन्सेई म्हणणार होता.

“मुशोकु,” मी म्हणाले. शब्द पहिल्यांदाच माझ्या तोंडातून निघत होता. उच्चार अगदी बरोबर आला. आजींनी मान डोलावली, आणि नवरा पायातल्या बुटांकडे बघत राहिला.