आधी गूळ-पाणी

माझी लेक सहावीत असताना शाळेतून सुट्टीत करायचा एक प्रकल्प घेऊन आली: आफ्रिकेतली गरिबी. वहीत तिने चित्र डकवलं होतं. रणरणत्या उन्हात टँकरभोवती बायका, हातात पिवळे कॅन, धुळीने माखलेली पोरं. खाली बाईंनी दिलेला प्रश्न, 'आपण त्यांना काय देऊ शकतो?' तिने यादीही केली होती: बिस्किटं, जुने कपडे, पाण्याच्या बाटल्या.

"किती बिचारे ना गं, आई," ती म्हणाली, आणि माझं टाळकंच सरकलं. त्या कॅनच्या जागी घागरी ठेवल्या की ते माझं जतकडचं माहेर होतं. सांगलीत नळ सोडला की पाणी येतं. इथे येऊन मी लेकीला ते कधी सांगितलंच नव्हतं, माहेरी न्यायचे तेही दिवाळीतच. खरं तर लाज वाटायची.

"आफ्रिकेला कशाला जातेस? मामाकडे चल," म्हटलं आणि मे महिन्यात तिला एसटीत बसवलं.

एसटीत मी जी सुटले, ती थांबेचना. टँकरचा हॉर्न ऐकला की ताटावरून उठून पळायचो. नंबरासाठी आदल्या संध्याकाळीच फुटक्या घागरी मांडून ठेवायचो. आंघोळीचं पाणी परातीत धरून शेवग्याला घालायचो. त्या रांगेत आम्ही पोरी चिंचोके खेळायचो, भांडायचो, एकमेकींच्या उवा काढायचो. ते दिवस मला अजूनही हवेसे वाटतात. पण पोरीच्या कानात मजा शिरली नाही, टँकर तेवढा शिरला.

माहेरी पोचलो. माझी भावजय नेहमीसारखी तांब्याभर पाणी आणि वाटीत गुळाचा खडा घेऊन बाहेर आली. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळ-पाणी, मग ख्यालीखुशाली. लेकीने हात मागे घेतला आणि सॅकमधून स्वतःची बाटली काढली.

"नको मामी, मी माझं आणलंय. तुमच्याकडे पाणी नसतं ना, तुम्हाला राहू दे."

ती चांगल्या मनानेच बोलली. पण वहिनीचा तांब्या तसाच पुढे राहिला. ती माझ्याकडे वळली.

"वन्सं, काय सांगून आणलंय पोरीला? दारात आल्याल्या पावण्याला पानी बी देता येत न्हाई व्हय आमास्नी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्याच पोरीच्या वेळच्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, तोही उन्हाळाच होता. आम्हा दोघींच्या न्हाणीचं पाणी सव्वा महिना वहिनीने डोक्यावरून वाहिलं होतं. एसटीत मी सगळं सांगितलं आणि नेमकं हेच विसरले होते. ते तिथे, दारातच, लेकीला सांगितलं.

तिने बाटली आत ठेवली. दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"सावकाश पी. ठसका लागंल," वहिनी म्हणाली, आणि गुळाचा खडा तिने स्वतःच्या हाताने पोरीच्या तोंडात घातला.

सांगलीला परतल्यावर लेकीने वहीतली यादी खोडली. त्या प्रश्नाखाली एकच ओळ लिहिली: 'त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी दिलेलं पाणी प्यावं.'

बाईंनी त्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं. वही माझ्या कपाटात आहे.